युडायस प्लसचं 'नो युवर स्कूल' पान: बीडसारख्या भागात कितपत कामाचं?

आपल्या भागातल्या झेडपी शाळांचा पट, शिक्षक, खोल्या, पाणी, संडास हे सगळं एका जागी बघायचं असेल तर युडायस प्लसचं, म्हणजे देशातल्या शाळांची माहिती जमवणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, नो युवर स्कूल हे पान वापराच. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, शाळेचा 11 अंकी कोड टाकायचा (बीडचे कोड 2727 ने सुरू होतात, पहिले 27 महाराष्ट्राचे, पुढचे 27 बीडचे) की शाळेचं रिपोर्ट कार्ड म्हणजे सगळी कुंडली समोर, वर्गवार मुलं किती मुली किती तेपण.

गावात पटाला लोक नुसता आकडा समजतात, पण सगळं त्यावरच चालतं हो. पट 30 पर्यंत असेल तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार, आणि आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याने प्राथमिकला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोन घरं गाव सोडून पुण्याला गेली तरी वाडीवरच्या शाळेचा हिशोब बदलू शकतो.

आता खरी अडचण. हे आकडे 30 सप्टेंबरचे धरतात. आणि बीडच्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर या पट्ट्यात दसरा दिवाळीच्या दरम्यान मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवराबायकोच्या जोड्या, कोल्हापूर सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर निघतात, सोबत लहान पोरं पण जातात, ते मार्च एप्रिललाच परत. म्हणजे कार्डावर शाळा भरलेली आणि जानेवारीत जाऊन बघा तर अर्धे बाक रिकामे, हे पानावर कुठंच कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा तालुक्यांसाठी जानेवारीचा दुसरा आकडा पाहिजेच, त्याशिवाय इथली शाळा कळणारच नाही.

मुलामुलींचा आकडा पण जपून वाचा. 2011 च्या जनगणनेत बीडमधे 0 ते 6 वयात 1000 मुलांमागं फक्त 807 मुली होत्या, 2001 ला 894 होत्या, वाचून पोटात कालवतं. तरी कधी कधी झेडपीच्या वर्गात मुलीच जास्त दिसतात, कारण बऱ्याच घरी मुलाला इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवतात आणि मुलगी गावातल्या शाळेत. म्हणून एका शाळेचं कार्ड बघून खूश होऊ नका, त्या गाडीवाल्या शाळेचा पण कोड शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

घरची कमाई, कोरडवाहू किती, ऊसतोडीला किती घरं जातात हे इथं मिळणार नाही, त्यासाठी ग्रामपंचायतीतच बसावं लागतं.

5 पैकी साडेतीन देईन. शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर सप्टेंबरच्या आधीच गुरुजींसोबत बसून हजेरीपट आणि मागच्या वर्षीचं कार्ड ताडून घ्या, आणि कारखान्याला जाणाऱ्या घरांतल्या पोरांची यादी तेव्हाच करून ठेवा, कारण आजीआजोबांकडं मागं राहणाऱ्या पोरांच्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावाला तीच यादी लागते आणि एकदा ऊसतोडीच्या गाड्या निघाल्यावर ती करून काही उपयोग नाही.