अमेरिका की जर्मनी: पगाराआधी नोकरीवरून काढण्याचे नियम बघा

दोन्हीकडच्या ऑफर हातात असल्या की नजर आधी पगारावर जाते, आणि तिथे बहुतेक वेळा अमेरिकेचं पारडं जड असतं. पण बायको-मुलांना घेऊन जाणार असाल, तर तिथली कंपनी तुम्हाला कशी काढू शकते हेही तितकंच तपासा.

अमेरिकेत मोंटाना सोडून सगळीकडे नोकरी ‘ॲट-विल’ असते. वेगळा करार नसेल तर मालक नोटीस न देता, कारण न सांगता काढू शकतो. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा चाळिशीनंतरचं वय यावरून काढणं बेकायदा आहे, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना देण्याचा १९८८चा कायदा आहे, तोही साधारण १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांपुरता. एच-१बीवर (कंपनीने काढून दिलेल्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर खरी धावपळ नोकरी गेल्यानंतर. जास्तीत जास्त ६० दिवसांत नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज भरला पाहिजे, नाहीतर घराचं भाडं, मुलांची शाळा, गाडीचं कर्ज सगळं आवरून परत यायचं. इतक्या कमी दिवसांत माणूस मिळेल ती नोकरी धरतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

जर्मनीतही पहिले सहा महिने निर्धास्त राहू नका. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढतात. त्यानंतर मात्र दहाहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी कायद्याला पटेल असं कारण लागतं. काढल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीनिशीच हवं; ई-मेल चालत नाही. ते हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावा, मुदत हुकली की काढणं वैध धरलं जातं. आणि ‘आपसात समजुतीने संपवू’ म्हणून पुढे केलेल्या करारावर तिथल्या तिथे सही करू नका, त्यामुळे बेकारभत्ता १२ आठवडे अडकू शकतो. हा भत्ता निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७; पण आधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने बेकारी विमा भरलेला हवा.

एकटे असाल, गाठीशी बचत असेल, तर अमेरिका जरूर घ्या. मुलं शाळेत आणि डोक्यावर पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता असेल, तर मी जर्मनीच सुचवेन. तरीही अमेरिकाच ठरली, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम) लेखी मागा. कायद्याने तो आपोआप मिळत नाही.