हरित रोखे की अग्रक्रम कर्ज?

शेततळे, ठिबक, झाडे अशा पर्यावरणपूरक कामांसाठी शेतकऱ्याला पैसा कोणत्या मार्गाने मिळावा, हा प्रश्न आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रथम विक्रीस काढलेले हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारण्याचे साधन, मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांसाठी उपयुक्त आहेत. मात्र यवतमाळच्या कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या हाती ती रक्कम थेट येत नाही. अग्रक्रम कर्जाचा, म्हणजे ठरवून दिलेल्या क्षेत्रांना बँकांनी द्यायच्याच कर्जाचा, मार्ग मला अधिक आश्वासक वाटतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापारी बँकांना समायोजित निव्वळ कर्जाच्या (नियमाप्रमाणे वजा-जमा करून काढलेल्या एकूण कर्जाच्या) १८ टक्के कर्ज शेतीला द्यावे लागते आणि २०१५ पासून अक्षय ऊर्जाही अग्रक्रम क्षेत्रात मोडते. तरीही हंगामी पीककर्जातून शेततळे, ठिबक किंवा बांधावरची झाडे उभी राहत नाहीत. शिवाय २०१६ पासून बँका उद्दिष्टातील तूट स्वतः कर्ज न देता इतर बँकांची अग्रक्रम कर्जाची प्रमाणपत्रे विकत घेऊन भरून काढू शकतात. म्हणून शेतीसाठीच्या या १८ टक्क्यांतील ठरावीक हिस्सा विदर्भासारख्या कोरडवाहू भागांत दीर्घ मुदतीने प्रत्यक्ष वाटण्याचे बंधन बँकांवर घालायला हवे.