मागची बाजू न दाखवणारा विक्रेता: जुन्या टपाल तिकिटांच्या ऑनलाइन खरेदीचा अभिप्राय

सीमाभागातील संग्राहकाला जुनी तिकिटे हातात घेऊन, भिंगाखाली पाहून निवडायची असतील तर मुंबई, पुणे किंवा बंगळूरुच्या प्रदर्शनांची वाट पाहावी लागते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीचशी खरेदी आता मोबाइलवरच होते. ज्या विक्रेत्याविषयी हे लिहीत आहे तो लिलावाच्या संकेतस्थळावर आणि व्हॉट्सअॅप गटांत, दोन्हीकडे माल मांडतो. त्याचे नाव देत नाही, कारण त्याच्यासारखे इतरही आहेत आणि विक्रीची तऱ्हा सगळ्यांची सारखीच असते. 'निपाणीच्या जुन्या तंबाखू व्यापाऱ्याच्या वाड्यातील संग्रह' असे त्याच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीखाली लिहिलेले असते. वाड्याची कथा कितीही रंगवली तरी तिकिटाच्या खरेपणाला तिचा आधार मिळत नाही.

पहिली चौकशी केली ती गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाची. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या या संचात दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटे असून ती स्वित्झर्लंडमधील कूर्व्हॉझिए यांच्या छापखान्यात फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापली गेली. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते आणि काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी तेवढे एकदाच स्वीकारले, म्हणून इथल्या संग्राहकाला हा संच पुरा असावा असे फार वाटते. विक्रेत्यांनाही ते पक्के ठाऊक असते. नोंदीत 'मिंट (न वापरलेले), मूळ डिंक, हिंजचा (अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग नाही' असे लिहिले होते, पण छायाचित्र फक्त दर्शनी बाजूचे होते. मागच्या बाजूचे आणि दातेरी कडांचे जवळून काढलेले छायाचित्र मागितल्यावर उत्तर आले, "सर, तिकीट अल्बमला लावायचं, मागचं कोण बघतंय?"

नेमके मागचेच बघायचे असते. न वापरलेल्या तिकिटाची किंमत बऱ्याच अंशी मूळ डिंकावर ठरते, म्हणून हिंजची खूण किंवा उडालेला डिंक धुऊन काढून नवा डिंक लावण्याचा उद्योग जुना आहे. छापखान्यात आधी कागदाला डिंक लागतो आणि मग छिद्रे पडतात. त्यामुळे शीटमधून फाडलेल्या खऱ्या तिकिटाच्या दातांच्या टोकांशी कागदाचे मऊ, पांढरे तंतू सुटे दिसतात. डिंक नंतर लावला की तो छिद्रांत उतरतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि दातांची टोके बोटाला कडक लागतात. दुसरे असे की, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेली कोरी पाकिटेसुद्धा आपोआप बंद होतात. वाड्यातल्या अल्बममध्ये सत्तरांहून अधिक पावसाळे काढलेल्या तिकिटाचा डिंक काचेसारखा नितळ असेल, तर कडा पाहिल्याशिवाय पैसे देणे शहाणपणाचे नाही. मी ते तिकीट घेतले नाही.

याच विक्रेत्याने त्याच तिकिटावर 'सर्व्हिस' हा ओव्हरप्रिंट, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर उमटवलेली अक्षरे, असलेली प्रतही काही हजारांत विकायला काढली होती. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केलेल्या त्या दहा रुपयांच्या प्रती अवघ्या १०० छापल्या गेल्या. असे तिकीट 'आज रात्री बारापर्यंत ऑफर' म्हणून मिळत नसते.

विकत घेतले ते ग्वाल्हेरचे एक वापरलेले तिकीट. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर पतियाळा, ग्वाल्हेर, नाभा, जींद, चंबा आणि फरीदकोट या सहा संस्थानांची नावे छापून ती तेथे चालत असत. ग्वाल्हेरच्या तिकिटांवर इंग्रजीबरोबर नागरी अक्षरेही आहेत, आणि शिंद्यांचे संस्थान म्हणून मराठी संग्राहकांचा ओढा तिकडे अधिक असतो. साधे तिकीट काही रुपयांचे आणि दुर्मीळ ओव्हरप्रिंटचे काही हजारांचे, एवढी तफावत असल्यावर खोटी अक्षरे उमटवण्याचा मोह कोणाला तरी होणारच. पाकीट उघडून दहापट भिंगाखाली पाहिले, तेव्हा डाकेच्या शिक्क्याची गोल रेघ 'ग्वालियर'च्या पहिल्या अक्षरापाशी येऊन त्याच्या शाईखाली जात होती आणि पलीकडे पुन्हा निघत होती. ओव्हरप्रिंट आधी आणि शिक्का नंतर, हा क्रम उलटू शकत नाही. पत्र पोहोचल्यावर त्या तिकिटावर संस्थानाचे नाव छापायला कोणी बसलेले नव्हते. गोव्याच्या पोर्तुगीज तिकिटांनाही, विशेषतः १८८१ पासून जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापलेल्यांना, हीच कसोटी लावावी; बेळगावात ती तिकिटे नातेवाइकांच्या पेट्यांतून अधूनमधून निघतात आणि त्यांतही बनावट छाप पुष्कळ आहेत.

'रंग गायब' किंवा 'छिद्रे नसलेले' अशा छपाईतल्या चुका म्हणून तो जी तिकिटे विकतो, त्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. काही रंग उन्हाने किंवा रसायनाने उडतात आणि हिरव्यातील पिवळा गेला की निळे उरते. रुंद कडांचे तिकीट कात्रीने कापले की छिद्रेही नाहीशी होतात. छिद्रविरहित तिकीट घ्यायचेच असेल तर जोडीने घ्यावे, दोहोंमधली जागा कोरी आहे याची खात्री करावी, आणि सुटे तिकीट कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे.

विक्रेत्याच्या नावापुढे शेकडो शाबासक्या आहेत, पण त्या वाचून पाहिल्यास बहुतेक पन्नास-शंभर रुपयांच्या गठ्ठ्यांसाठी दिलेल्या आढळतात. महागड्या मालाचे खरेदीदार 'खासगी' म्हणून लपवलेले आहेत. एकच छायाचित्र दोन नोंदींत वापरलेलेही दिसले. शिक्क्याची जागा आणि चित्राभोवतीची कमी-जास्त पांढरी कड जुळवली की हे लगेच उघडे पडते. कॅटलॉगमधील किंमत लिहून तिच्यावर सत्तर टक्के सूट दाखवणे हीही त्याची नेहमीची युक्ती, वास्तविक ती किंमत निर्दोष प्रतीची असते.

बांधणी मात्र उत्तम होती: पारदर्शक ग्लासीन पाकीट, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, स्पीड पोस्ट. स्वातंत्र्यानंतरची वापरलेली, स्वस्त तिकिटे त्याच्याकडून घेण्यास माझी हरकत नाही, कारण त्यांत फेरफार करून कोणाला काही मिळण्यासारखे नाही. ज्यांची किंमत डिंकावर, ओव्हरप्रिंटवर किंवा एखाद्या रंगाच्या अभावावर ठरते, ती तज्ज्ञ समितीचे मत येईपर्यंत परत घेण्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय घेऊ नयेत, आणि अशी हमी हा विक्रेता देत नाही. ग्वाल्हेरच्या तिकिटाचे पैसे, भिंगातून काढलेले छायाचित्र संकेतस्थळाकडे पाठवल्यावर परत मिळाले. जाण्या-येण्याचा टपालखर्च माझ्याकडेच राहिला.