रॅकून रोखायचं नरसाळं : एक सीझन वापरून झाल्यावर

आम्ही ओहायोत राहतो, घरामागे छोटं तळं आहे, तर गेल्या वर्षी हौसेने वुड डकसाठी, म्हणजे झाडाच्या ढोलीत अंडी घालणाऱ्या बदकासाठी, लाकडी डबा लावला, तोही सरळ काठावरच्या मेपलच्या झाडावर. गाढवपणा, दुसरं काय. मादी आली, अंडी घातली आणि एक दिवस सकाळी बघतो तर खाली गवतात टरफलं न् पिसं, डब्याच्या तोंडाशी चिखलाचे पंजे, रॅकूनचे (झाडावर चढून अंडी खाणारा, मांजरापेक्षा मोठा प्राणी). म्हणजे बदकाचं घर कसलं, रॅकूनचा डबा भरून टांगला होता आम्ही. बायको म्हणाली, सोबत लोणचं पण ठेवायचं ना.

डब्याचं भोक 4 इंच रुंद 3 इंच उंच, लंबगोल, ते तसं असतंच मुळी रॅकून अडावा म्हणून. मोठा धटिंगण अडतो, पण हडकुळा असेल तर आत शिरतो, नाहीतर नुसता हात घालतो. 1937 मध्ये इलिनॉयच्या चटॉक्वा अभयारण्यात एकदम 486 डबे लावले होते, तेव्हापासून लोक डबे लावतायत आणि रॅकून चढतायत.

मग डबा खांबावर न्यायचं ठरवलं आणि रॅकून खांबावरून वर चढू नये म्हणून ऑनलाईन हा गार्ड मागवला. दुकानाचं नाव लिहीत नाही. जस्ताचा पत्रा, 36 इंच व्यास, सपाट चकती येते, एका बाजूने चीर असते, ती एकावर एक ओढून स्क्रू मारले की उलटं नरसाळं तयार. पत्रा दणकट आहे, एक हिवाळा बर्फात काढला तरी गंज नाही. पण कडा कसल्या धारदार, ग्लोव्हज नसतील तर हातच लावू नका, मी अंगठा कापून घेतलाय. आणि खांबाला आवळायचा क्लॅम्प फक्त गोल पाईपला बसतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, माझा खांब चौकोनी, त्यामुळे पूर्ण शनिवार गेला लाकडाचे ठोकळे मारण्यात. खांबाभोवती फट राहते तिथून साप वर जातो, तिथे जाळी कोंबा, ती बॉक्समध्ये येत नाही. 24 इंचीवाला स्वस्त आहे पण घेऊ नका, रॅकून हात लांब करून कड पकडतो.

खरं काम मात्र जागेचं आहे. डबा झाडावरून काढून पाण्यातल्या खांबावर नेला, नरसाळं पाण्यापासून तीन-साडेतीन फुटांवर, आणि आजूबाजूला दहा फुटांत एकही फांदी ठेवली नाही, नाहीतर पत्रा लावून उपयोग काय, तो वरूनच उडी मारणार. शेजारचे आजोबा म्हणाले खांबाला ग्रीस चोपड. अजिबात नको, पिसांना लागलं की पक्षी कामातून गेला.

एप्रिलमध्ये मादी आली. ही बदकं काड्या वगैरे काही आणत नाहीत, आत आपणच रंध्याची सालपटं टाकायची, वर ती स्वतःची पिसं अंथरते. महिनाभर बसली. मग एका सकाळी खाली पाण्यातून हाका मारायला लागली आणि पिल्लं एकेक करून भोकात येऊन टपाटप उड्या, मी अकरा मोजली, चहा गार झाला तरी हललो नाही.

क्लॅम्पचा एक स्टार कापतो, म्हणून चार. कॅमेऱ्यात रॅकून पण आलाय, नरसाळ्याखाली खांबाला मिठी मारून वर बघत बसलाय पाच मिनिटं, मग उतरून थेट आमच्या कचऱ्याच्या डब्याकडे. त्याला बसेल असं काही कोणी विकत असेल तर सांगा.