कंपनीचे टायर की मोठे टायर: पिकअपचं मायलेज जातं कुठे?

पिकअपला २६५/७० आर १७ मापाचे टायर (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची) असतील, तर चाकाचा व्यास साधारण ८०३ मिलिमीटर भरतो. त्याजागी २८५/७० आर १७ चढवले की तो ८३१ होतो. फरक साडेतीन टक्क्यांचा. ओडोमीटरला मात्र याचा पत्ताच नसतो! तो १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०३.५ धावलेली असते. म्हणून टाकी फुल ते टाकी फुल हिशेब करताना किलोमीटर आधी १.०३५ ने गुणा. मोठ्या टायरांनंतर दिसणारी मायलेजची ‘घट’ थोडी तिथेच विरते.

उरते ती खरी. मोठा टायर जड, त्यात वजन कडेला, त्यामुळे सिग्नलवरून गाडी उचलताना इंजिनाला जोर लावावा लागतो. हायवेवर वाढलेली रुंदी आणि उंची वाऱ्याला आडवी येते. टॉप गिअरमध्ये आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा, किंचित उतरतो हे खरं, पण चढावर खालचा गिअर टाकावा लागला की तो फायदा संपला. वर टायरची नक्षी खडबडीत असेल तर विचारूच नका. माझ्या मते मापापेक्षा नक्षीच डिझेल जास्त खाते.

डांबरी रस्त्यावर कंपनीचेच टायर बरे. चिखल, दगडधोंडे रोजचेच असतील तर मोठे घ्या. जमिनीपासूनची उंची मात्र १४ मिलिमीटरच वाढते, बरं का.