नागपुरातली हॉस्पिस सेवा: निवडण्याआधी काय तपासायचं आणि कुठे काय कमी पडतं

मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आज तुमच्या कपाटात आहेत का? शेवटच्या आजारातल्या माणसासाठी नागपुरात सेवा शोधताना पहिला प्रश्न हाच विचारावा. 'लागल्या तर मागवू' असं उत्तर आलं तर बाकीची चौकशी लांबवण्यात अर्थ नाही. बाग, प्रार्थनेची खोली, स्वच्छ चादरी हे सगळं हवंच, पण दुखणं थांबलं नसेल तर त्यातलं काहीच पेशंटपर्यंत पोचत नाही.

गल्लीतल्या मेडिकलमध्ये मॉर्फिन सहसा मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यामुळे पूर्वी त्यासाठी निरनिराळे परवाने लागत. २०१४च्या दुरुस्तीनंतर 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ही सोपी वाट झाली: वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, औषध प्रशासनाची मान्यता, आणि गोळीगणिक हिशेब ठेवणारं रजिस्टर. मान्यतेचा कागद दाखवा म्हटल्यावर चांगली संस्था तो लगेच काढून देते. तरीही 'कायद्याची भानगड आहे, त्यापेक्षा ट्रॅमाडॉल चालू ठेवा' असं सांगणारे भेटतात. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनपेक्षा कमी ताकदीचं वेदनाशामक, आणि त्याला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. कॅन्सर हाडात उतरलेला पेशंट त्या मर्यादेवर आठवडेच्या आठवडे कण्हत पडलेला असेल, तर हा औषधाचा दोष नाही, देणाऱ्याचा आहे. दुखण्यासाठी फोर्टविनचं इंजेक्शन देणारी सेवा तर सरळ नाकारावी. ते मॉर्फिनच्या कामात आडवं येतं आणि अशा दीर्घ दुखण्यासाठी ते नाहीच.

गोळ्या आहेत एवढ्यानं भागत नाही, त्या कशा लिहून देतात ते बघा. साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची असते: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० वाजता दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. शिवाय मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस कागदावर वेगळा लिहिलेला हवा. तो साधारण दिवसभराच्या एकूण डोसचा सहावा भाग असतो. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम चालू असेल तर दिवसाचे ६० होतात आणि जादा डोस १०चा. दिवसात तीन-चारदा जादा गोळी लागत असेल तर मूळ डोस वाढवायची वेळ आलेली असते. हे नर्सला फोनवर सांगितल्यावर ती त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून बदल करते का, यावरून सेवेचं पाणी कळतं. 'दुखलं तरच द्या' एवढंच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे लिहिणाऱ्याला मॉर्फिन वापरता येत नाही. किडनी खराब असेल तर औषध शरीरात साठतं, हातपाय झटके देऊ लागतात, गुंगी वाढते. अशा पेशंटला डोस कमी आणि अंतर जास्त लागतं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट न बघता मॉर्फिन सुरू करणारा डॉक्टर घाई करतोय.

त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध आहे का तेही पाहा. मॉर्फिननं मळमळ आणि गुंगी आली तरी ती बहुतेकदा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र शेवटपर्यंत राहतो. त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच रात्री बिसाकोडिल किंवा तशाच जातीचं औषध सुरू व्हायला हवं. घरोघरी हाताशी असतं ते इसबगोल इथे उलट नडतं. पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या आतड्यात त्याचा गोळा बसतो. इसबगोल बंद करायला न सांगणारी नर्स या कामात नवखी समजावी.

आता नागपूरचा उन्हाळा. ज्यांना गिळता येत नाही त्यांना फेंटानिलचा पॅच लावतात. तो ७२ तास चालतो, पण पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात. त्या मधल्या वेळेत आधीचं औषध चालू ठेवायचं असतं, हे न सांगितल्यानं पहिली रात्र फार वाईट जाते. उष्णतेनं पॅचमधलं औषध कातडीतून जास्त वेगानं आत शिरतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना पत्र्याच्या खोलीत झोपलेला पेशंट, त्यात ताप, किंवा दुखतं म्हणून पॅचवरच ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, यानं श्वास मंदावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. घामानं कडा सुटतात ती अडचण वेगळी. पॅच छातीच्या वरच्या भागावर किंवा दंडावर लावावा, केस वस्तऱ्यानं न काढता कात्रीनं कापावेत, जागा साध्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करावी, तळव्यानं अर्धा मिनिट दाबून धरावं आणि सुटणाऱ्या कडांना भोवती टेप लावावी. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं, म्हणून चिकट बाजू आत घडी घालून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. एवढं सगळं पहिल्या भेटीत करून दाखवणारी नर्स असेल तर ती सेवा धरून ठेवा.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेल्या एअर बेडचंही उन्हाळ्यात तसंच. रबरी चादर, त्यावर जाड गादी, त्यावर प्लॅस्टिक अशी उतरंड रचली की हवा भरूनही उपयोग होत नाही आणि पाठीखाली घाम साचून कातडी मऊ पडते. वर एकच सुती चादर हवी. एअर बेड आला म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं देणारे विजेबद्दल बोलत नाहीत. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. घरातल्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ते तीन तासांच्या आसपास चालेल, तेही दुसरं काही न लावता. कूलर चालू ठेवला तर त्याहूनही कमी. म्हणून सोबत 'बी' टाइप सिलिंडर ठेवावा. त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरनं १२ तासांची सोय. मुळात ऑक्सिजन हवा आहे का, हेही चांगली टीम आधी विचारते. रक्तातलं प्रमाण ठीक असूनही दम लागत असेल तर चेहऱ्यावर पंख्याचा झोत, डोकं वर करून बसवणं आणि मॉर्फिनचा छोटा डोस यानं जास्त आराम पडतो.

विदर्भातल्या सेवेची खरी परीक्षा तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेवर होते. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन जबडा आखडलेला, गालाला आरपार भोक, नाकातून नळी, अशा अवस्थेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून (मेडिकल), तुकडोजी कर्करोग रुग्णालयातून किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त टोचतो तो वास. नातवंडं जवळ येत नाहीत, तो स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसतो. यावर महागडं काही लागत नाही. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा सपाट चमचा मीठ घालून त्यानं जखम धुवायची. मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या वस्त्रगाळ कुटून ती पूड जखमेवर भुरभुरायची आणि वर ओली गॉज ठेवायची. बहुतेकदा दोन-चार दिवसांत वासात फरक पडतो. कोरडी चिकटलेली पट्टी ओढून काढली की रक्त येतं, म्हणून आधी भिजवून सैल करावी. अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेच्या कडेला काही मिनिटं धरायचा. अळ्या वर आल्या की चिमट्यानं काढायच्या. टर्पेंटाइन जखमेत ओतायचं नाही.

मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटण्याची भीती असेल तर टीमनं घरच्यांना ते आधी सांगून ठेवायला हवं, आणि पलंगाजवळ गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल ठेवायला हवेत. पांढऱ्या चादरीवर पसरलेलं रक्त पेशंटलाही दिसतं. गडद टॉवेलवर ते तेवढं अंगावर येत नाही. हे जिथे कोणी सांगत नाही, तिथे या आजाराचे पेशंट फारसे हाताळलेले नसतात.

शहरात तीन तऱ्हेची सोय मिळते. कॅन्सर रुग्णालयांच्या पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) ओपीडीचं बळ औषधात आणि डॉक्टरांत असतं, घरी येण्यात ते कमी पडतात. गोंदिया, गडचिरोली किंवा बालाघाटहून येणाऱ्यांनी विचारून घ्यावं की दर खेपेला पेशंटला बसमध्ये घालून आणावं लागेल, की नातेवाइकाला फाइल दाखवून औषध मिळेल, आणि एका वेळी किती दिवसांचं. धर्मादाय हॉस्पिसमध्ये शुश्रूषा सहसा उत्तम असते, पण अनेक ठिकाणी फक्त कॅन्सरचे पेशंट घेतात. किडनी, पक्षाघात, स्मृतिभ्रंशवाल्यांनी आधी फोन करावा. डायपर आणि ॲम्ब्युलन्सचे पैसे वेगळे का, हेही. तिसरी तऱ्हा म्हणजे नर्सिंग ब्युरो. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. '२४ तास नर्स' म्हणून जी येते ती बहुधा केअरटेकर असते: अंग पुसणं, भरवणं, डायपर बदलणं ती मनापासून करेल, पण इंजेक्शन आणि जखम तिच्याकडे सोपवता येत नाही. एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंगच्या शिक्षणाचा नोंदणी क्रमांक मागा. घर बेसा, हिंगणा किंवा कामठीकडे असेल तर डॉक्टर तिथपर्यंत येतात का, की नुसता फोनवर सल्ला देतात, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. आमच्या मते बहुतेक घरांना ओपीडीचं मॉर्फिन आणि घरी येणारी प्रशिक्षित नर्स ही जोडी पुरते. हॉस्पिसची खाट खरी लागते ती घरी करणारं कुणी नसेल, जखम आवाक्याबाहेर गेली असेल किंवा त्रास काही केल्या आटोक्यात येत नसेल तेव्हा.

रात्रीचा फोन दोनदा लावून बघा, तोही नाव नोंदवण्याआधी. आवाज नर्सचा असावा, चौकीदाराचा नको. तिला पेशंटचा कागद न शोधता डोस सांगता आला पाहिजे, किंवा निदान पाच मिनिटांत उलट फोन यायला हवा.

शेवटच्या दिवसांसाठी चांगली टीम औषधांचा डबा घरी तयार ठेवते: मॉर्फिन, अस्वस्थतेसाठी मिडाझोलम, मळमळ आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट, २४ नंबरची बटरफ्लाय सुई, छोट्या सिरिंज. सुई शिरेत न लावता दंडाच्या किंवा छातीच्या कातडीखाली लावून ठेवतात आणि घरच्या माणसाला औषध द्यायला शिकवतात. घशात घरघर सुरू झाली की कुशीवर वळवायचं आणि ग्लायकोपायरोलेट लवकर द्यायचं. साचलेला स्राव त्यानं सुकत नाही, नवा होणं थांबतं. सक्शनची नळी खोलवर घालून त्रासच वाढतो. 'सलाइन लावा, उपाशी कसं ठेवायचं' हा आग्रह प्रत्येक घरात होतो आणि तो प्रेमापोटीच असतो. या टप्प्यावर सलाइननं सूज आणि घरघर वाढते, कोरडेपणा जाणवतो तो तोंडाला. दर दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसणं, ओठांना व्हॅसलीन, आणि गिळता येत नसेल तर गंगाजळही चमच्यानं न ओतता बोटानं ओठांवर. हे समजावायला नर्सनं अर्धा तास बसायला हवं. दारात उभं राहून सांगितलेलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. घरात त्रिशरण चालणार की हरिपाठ की कलमा, हे तिनं विचारावं. सगळ्यांना एकच भजन ऐकवणाऱ्या जागा शहाण्या नव्हेत.

'त्यांना काही सांगू नका' असं घरचे म्हणाले तर टीम काय करते तेही बघा. पेशंटला आधी विचारावं लागतं की तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे आणि किती ऐकायचं आहे. व्हेंटिलेटर नको अशी इच्छा असेल तर ती लिहून ठेवता येते: सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये मान्य केलेली पद्धत २०२३मध्ये सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये कोण देणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. नसेल तर पहाटे चार वाजता मुलगा डॉक्टर शोधत फिरतो, कारण घाटावर दाखला मागतात. घाबरून कॅज्युअल्टीत नेलं तर पोस्टमॉर्टेमचा प्रश्न उभा राहू शकतो. निदान, चालू उपचार आणि डॉक्टरांचा फोन असलेलं पत्र फाइलमध्ये वरच ठेवून जाणारी सेवा घरच्यांची ही फरफट वाचवते. महापालिकेत नोंद २१ दिवसांत करायची असते.

आणि दहा-पंधरा दिवसांनी कुणी येतं का? चांगल्या ठिकाणची नर्स येते, घरच्यांबरोबर बसते, आणि जाताना उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून घेऊन रजिस्टरमध्ये तुमची सही घेते.