हार्वेनंतरची चर्चची सेवा: मड-आउटच्या तुकडीत जावे की रिबिल्डच्या?

वादळानंतर चर्चच्या स्वयंसेवकांबरोबर काम करू इच्छिणाऱ्या मराठी मित्रांकडून मला हा प्रश्न अनेकदा येतो. पहिल्या काही आठवड्यांत पुराने भिजलेले सामान व भिंती काढून घरे रिकामी करणाऱ्या मड-आउटच्या तुकडीला आपले शनिवार द्यावेत, की ती घरे पुन्हा उभी करण्याच्या, पुढे दोन-तीन वर्षे चालणाऱ्या रिबिल्डला? ह्यूस्टनच्या पश्चिम भागात राहत असताना मी दोन्ही केले आणि अखेर एका ठिकाणी स्थिरावलो.

हार्वे चक्रीवादळ 25 ऑगस्ट 2017 रोजी टेक्सासमधल्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आले, पण ह्यूस्टनला बुडवले ते त्यानंतर दिवसेंदिवस न हटलेल्या पावसाने. टेक्सासमधल्याच नेदरलँड नावाच्या गावी 60.58 इंच पाऊस मोजला गेला. अ‍ॅडिक्स आणि बार्कर या धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्त्यांत पाणी कित्येक दिवस घरांतच उभे होते. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शेजारणीने मला तिच्या चर्चच्या तुकडीत नेले, आणि पहिल्याच दिवशी मास्क, हातमोजे आणि पहार हातात आली.

मड-आउटचे मोठे बळ म्हणजे त्याची निकड. दमट उष्म्यात बुरशी एक-दोन दिवसांत धरते. त्यामुळे ओला गालिचा, शीटरॉक (भिंतींना लावलेले जिप्समचे ताव) आणि भिंतीतले इन्सुलेशन जितक्या लवकर रस्त्याच्या कडेला जाईल तितका घराचा लाकडी सांगाडा वाचण्याची शक्यता वाढते. विशेष कौशल्य लागत नाही, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी एक घर पूर्ण करून परततो, आणि घरमालकाच्या चेहऱ्यावरचा भार थोडा हलका झालेला त्याला स्वतः पाहता येतो. पिवळ्या सदऱ्यांतले बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे स्वयंसेवक या कामात फार जुने आहेत. त्यांच्या आपत्ती-सेवेचा उगम टेक्सासमध्येच, 1967 च्या ब्यूला वादळानंतर झाला.

तरीही माझा निर्णय एका कापाच्या रेषेवर झाला. शीटरॉकचा ताव 4 फूट रुंद असतो आणि तो आडवा बसवतात. पाणी दोन फूट चढले असले तरी ओल त्याच्या वर शोषली जाते, म्हणून भिंत जमिनीपासून 4 फुटांवर सरळ कापली तर ओला भाग निघतो आणि नंतर एक अखंड ताव त्या जागी बसतो. आमची तुकडी मात्र घाईत, नजरेच्या अंदाजाने कापत असे: कुठे 40 इंच, कुठे 53. अनेक खिळेही सांगाड्यात तसेच राहत. मीही असेच कापले आहे, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पुढे फेब्रुवारीत रिबिल्डच्या तुकडीबरोबर अशाच एका घरात गेलो तेव्हा संपूर्ण शनिवार आम्ही चार जणांनी भिंती पुन्हा एका रेषेत कापण्यात, पाच इंचांच्या पट्ट्या बसवण्यात आणि खिळे उपटण्यात घालवला. त्या घरातल्या आजी पाच महिने नातवंडांसह एका खोलीत राहत होत्या, आणि आमच्या दिवसभराच्या कामानंतरही त्यांची एकही भिंत पूर्ण झाली नाही. मड-आउटमध्ये आपण कापलेली भिंत आपल्याला कधी बुजवावी लागत नाही, म्हणून चूक कळतच नाही. ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

रिबिल्डचा संथपणा मी लपवणार नाही. विमा नसलेल्या कुटुंबाची फाइल दीर्घकालीन पुनर्वसन समितीपुढे येते, साहित्यासाठी पैसे जुळतात, लाकडातली ओल मीटरवर पुरेशी उतरते आणि मगच काम सुरू होते. तावांच्या सांध्यांवर लावलेल्या कंपाउंडचा, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या लेपाचा, प्रत्येक थर वाळावा लागतो, त्यामुळे केवळ शनिवारी येणाऱ्या तुकडीचा एका आठवड्यात एकच थर होतो. सलग आठवडा देता येत असेल तर 1950 पासून याच कामात मुरलेल्या मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिससारख्या (मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ) संस्थांची पद्धत मला अधिक योग्य वाटते, कारण तिथे स्वयंसेवक कामाच्या गावी मुक्कामालाच असतात. पण त्याच घरी पुन्हा पुन्हा जाताना आजींचे औषध, नातवाची शाळा, कोणत्या खिडकीतून गळते, हे सारे आपोआप कळत जाते, आणि माझ्या अनुभवात तरी ती ओळख कुटुंबाला भिंतीइतकीच आधार देते.

श्रद्धेबद्दलही पुष्कळ जण संकोचाने विचारतात. दोन्हीकडे दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, आणि काही तुकड्या काम संपल्यावर सर्वांच्या सह्या केलेले बायबल घरमालकाला देतात. मी हिंदू आहे हे सर्वांना ठाऊक होते. प्रार्थनेच्या वेळी मी शांत उभा राहत असे, आणि मला कुणी कधी परके मानले नाही. सर्वत्र असेच असेल असे मी म्हणणार नाही. जाण्याआधी तुकडीच्या प्रमुखाला स्पष्ट विचारलेले बरे.

तुमच्याकडे वादळानंतरचे दोनच आठवडे असतील तर निःशंक मड-आउटला जा. तेव्हा दुसरे काहीच तितके तातडीचे नसते. वर्षभरात दहा-बारा शनिवार निघत असतील, तर मी रिबिल्ड सुचवेन. शक्य असल्यास दोन दिवस मड-आउट करून मग तिकडे वळा, आणि त्या दोन दिवसांत मोजपट्टी व रंगीत खडूची दोरी बरोबर ठेवा. पहार लावण्यापूर्वी 4 फुटांवर रेघ मारायला एका खोलीला दहा मिनिटेही लागत नाहीत.